हजारात १८० पॉझिटिव्ह, मग जनुक किती टक्के?

नागपुरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी शिबिरं नेहमी होतात. हजार जण तपासले, १८० पॉझिटिव्ह निघाले, की लगेच म्हटलं जातं: सिकलसेलचं जनुक १८ टक्के! हे गणित चूक आहे. त्यात माणसं मोजली जातात, जनुकं नाहीत.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणारं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. नेहमीची प्रत ए, एका अक्षराने बदललेली एस. अशा पर्यायी रूपांना अ‍ॅलील म्हणतात आणि दोन प्रतींच्या जोडीला जीनोटाइप. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण.

सोल्युबिलिटी (विद्राव्यता) या झटपट चाचणीत रक्ताचा नमुना गढूळ झाला तर एस आहे एवढंच कळतं. एक प्रत की दोन, हे कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावीच लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच उरलेलं असतं, म्हणून सोल्युबिलिटी चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचा नमुना तर मोजणीत धरूच नये.

समजा, पक्क्या तपासणीनंतर हजारात ८२० एए, १६० एएस आणि २० एसएस निघाले (आकडे फक्त उदाहरणासाठी). जीनोटाइपची वारंवारता, म्हणजे एकूणातलं प्रमाण, ०.८२, ०.१६ आणि ०.०२. आता प्रती मोजू. हजार माणसांच्या प्रती २०००. वाहकांकडून एसच्या १६०, रुग्णांकडून दुप्पट म्हणजे ४०, एकूण २००. भागिले २०००, उत्तर ०.१. एस १० टक्के आहे, १८ नव्हे.

खरी गंमत पुढे आहे. १९०८ साली इंग्लंडचे गणितज्ञ हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की लोकसंख्या मोठी असेल, लग्नं या जनुकापुरती तरी निवड न होता जुळत असतील आणि नैसर्गिक निवड, स्थलांतर, उत्परिवर्तन (जनुकातला नवा बदल) यांचा परिणाम नसेल, तर अ‍ॅलीलच्या वारंवारतेवरूनच जीनोटाइप सांगता येतात. एए ०.९ चा वर्ग, एएस २ × ०.९ × ०.१, एसएस ०.१ चा वर्ग. हजारात अपेक्षित ८१०, १८० आणि १०. आपल्याकडे रुग्ण दुप्पट आहेत आणि वाहक २० ने कमी!

हा फरक योगायोगाचा आहे का, हे काय-वर्ग चाचणीने पाहू. फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित आकडा, असं तिन्ही गटांचं करून बेरीज घ्या: ०.१२ + २.२२ + १० = १२.३४. गट तीन, त्यातून एक वजा, आणि एसची वारंवारता याच नमुन्यातून काढली म्हणून आणखी एक वजा. स्वातंत्र्यमात्रा (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) उरली १, तिची ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४. म्हणजे हा फरक निव्वळ योगायोग मानणं कठीण.

कारण नमुन्यातच दडलेलं असू शकतं. शिबिरात दोन समाजांचे पाचशे-पाचशे लोक आले आणि त्यांची लग्नं आपापल्यातच होतात असं धरा. एका समाजात एस ०.२, दुसऱ्यात शून्य. पहिल्यात ३२०, १६०, २०. दुसऱ्यात सगळे ५०० एए. दोन्ही समाज आपापल्या जागी हार्डी-वाइनबर्गच्या नियमात चोख बसतात, बेरीज मात्र बिघडते. स्वीडनच्या वालुंड यांनी १९२८ साली हे मांडलं. ०.२ आणि ० यांचं प्रचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) ०.०१, हजारात जादा एसएस नेमके १०, आणि वाहकांची तूट त्याच्या दुप्पट, २०. आकडे किती नेटके जुळतात पाहा!

जादा रुग्ण दिसले की कोणी पाण्याला दोष देतो, कोणी ग्रहदशेला. दोन्हींचा इथे संबंध नाही. कुंडलीत ३० गुण जुळले तरी दोघंही एएस असतील, तर प्रत्येक गर्भारपणात एसएसची शक्यता चारात एक. पहिलं मूल रुग्ण असलं म्हणून दुसऱ्याची ती घटत नाही.

उलटा हिशोब करताना तर फारच जपावं. केवळ रुग्णांच्या संख्येवरून एस काढायचा, तर ०.०२ चं वर्गमूळ ०.१४ येतं, खरं उत्तर ०.१ होतं. दवाखान्याच्या ओपीडीतला नमुना याहून फसवा, कारण तिथे रुग्णच जास्त येतात. म्हणून शिबिराच्या फॉर्मवर समाज आणि मूळ तालुका लिहून घ्यावा, एकाच कुटुंबातले सगळे मोजू नयेत, आणि प्रत्येक गटाचं गणित वेगळं मांडावं. गट २०० चा असेल आणि एस ०.१, तर अपेक्षित एसएस २ च येतात. ५ पेक्षा लहान अपेक्षित आकड्यावर काय-वर्ग चाचणी भरवशाची नसते, तिथे अचूक चाचणी (एक्झॅक्ट टेस्ट) वापरावी.