मेंढ्याचं नाक बघायचं की पाठ?

2020 मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ जातीच्या मेंढ्याला 70 लाखांची मागणी आल्याची बातमी गाजली होती. त्याच वर्षी स्कॉटलंडमधे लॅनार्कला डबल डायमंड नावाचं टेक्सेल जातीचं कोकरू साडेतीन लाख गिनीला (गिनी म्हणजे पौंडापेक्षा किंचित जास्त) विकलं गेलं. पोपटाच्या चोचीसारखं नाक असलं की माडग्याळचा भाव चढतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीतय, पण नाकाला काय मटण लागतं का हो?

ब्रिटनमधे मेंढ्यांच्या पैदाशीसाठी नोंदी ठेवणारी सिग्नेट म्हणून सेवा आहे, तिच्याकडे नोंद असलेल्या कळपांत कोकरं काही महिन्यांची झाली की त्यांची सोनोग्राफी करतात. सोनोग्राफी म्हणजे गाभण आहे का बघणं असं आपल्या डोक्यात बसलंय, इथे मात्र बघायची असते पाठ, म्हणजे तिथल्या मांसाची आणि चरबीची जाडी. कमरेच्या तिसऱ्या मणक्यावरची लोकर बाजूला करायची, तेल ओतायचं आणि प्रोब, म्हणजे आवाज आत सोडून परत आलेला ऐकणारं मशीनचं टोक, टेकवायचा. तेल कशाला, तर लोकरीत हवा अडकलेली असते आणि हवेतून कातडीत जाताना जवळजवळ सगळा आवाज परत फिरतो, आत काही जातच नाही.

आता खरी गंमत. प्रत्येक पदार्थाची घनता गुणिले त्यातला ध्वनीचा वेग हा आकडा वेगळा असतो, आणि जिथे तो बदलतो तिथून थोडा आवाज परत येतो, म्हणून चरबी संपून मांस सुरू होतं तिथे स्क्रीनवर पांढरी रेघ दिसते. 3 सेंटीमीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला साधारण 39 मायक्रोसेकंद लागतात. मशीन सगळीकडे वेग सेकंदाला 1540 मीटर धरतं, पण चरबीत तो 1450 च्या आसपास असतो, त्यामुळे 4 मिलिमीटर चरबी 4.25 दिसते, आणि मांसात वेग जास्त म्हणून मांस किंचित कमी दिसतं. चालतं, कारण चूक सगळ्याच कोकरांना साधारण त्याच प्रमाणात लागू होते आणि आपल्याला हवा असतो त्यांच्यातला क्रम.

नुसत्या जाडीवरून नर निवडला तरी फसाल. जुळ्यातल्या कोकराला दूध कमी मिळालेलं असतं, एखादं दोन आठवडे मोठं असतं, म्हणून हे सगळं वजा करून, आईबाप भावंडांचे आकडे धरून कॉम्प्युटर पैदाशीचं मूल्य काढतो, म्हणजे पिल्लांत गुण किती उतरतील याचा अंदाज. पूर्वी मांस नीट मोजायचं तर कापावंच लागायचं, आणि कापलेल्या मेंढ्याची पिल्लं कुठून आणणार?

यात वर आलेले निवडक नर पुढे सीटी स्कॅनला पाठवतात, स्कॉटलंडच्या एसआरयूसी या शेती शिक्षण-संशोधन संस्थेकडे तर त्यासाठी फिरतं सीटी मशीनच आहे.