उन्हाळी वाचन, अमेरिकन कॅथलिक हायस्कुलांतील

उन्हाळी वाचन, अमेरिकन कॅथलिक हायस्कुलांतील : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅथलिक हायस्कुलांत (नववी ते बारावी) उन्हाळ्याच्या सुटीसाठी नेमून दिलेली पुस्तके आणि त्यांवरचा गृहपाठ. सरकारी शाळांतही ही प्रथा आहे. कॅथलिक शाळांत मात्र इंग्रजीच्या शिक्षकांबरोबर धर्मशिक्षणाचे शिक्षकही पुष्कळदा आपले पुस्तक पुढे करतात, आणि यादीला निराळा रंग चढतो तो तिथे.

अमेरिकेत शालेय वर्ष मे अखेरीस किंवा जूनमध्ये संपते आणि पुढचे ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते. एवढ्या लांब सुटीत मुले काय काय विसरतात, याची चिंता जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरासरी महिनाभराचे शिक्षण वाया जाते असे दिसले. नव्या संशोधकांनी या मोजमापावर शंका घेतल्या आहेत. गंमत अशी की त्या आढाव्यात वाचनापेक्षा गणिताची गळती जास्त होती. तरी सुटीचा अभ्यास म्हटला की पुढे येते ती कादंबरीच.

यादी बहुधा वर्ष संपता संपता हाती पडते. इयत्तेगणिक एक पुस्तक सक्तीचे, एखादे आवडीने निवडायचे. महाविद्यालयीन दर्जाचे ‘एपी’ विषय घेणाऱ्यांना त्याहून जास्त. नववीत नव्याने येणाऱ्यांनाही सूट नसते, म्हणजे शाळेशी पहिली गाठ पडते ती वर्गाबाहेर, पुस्तकातून. पुस्तकाची आवृत्तीसुद्धा अनेकदा ठरवून दिलेली असते, कारण वर्गात सगळ्यांचे पान एकच हवे. गृहपाठाचा नेहमीचा साचा म्हणजे दोन रकान्यांची वही : डावीकडे पान क्रमांकासह उतारा, उजवीकडे त्यावर आपले म्हणणे. काही शिक्षक वहीऐवजी पुस्तकाच्या समासातल्या टिपा तपासतात. शाळा उघडली की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात चाचणी किंवा वर्गात बसून लिहायचा निबंध, आणि त्याचे गुण पहिल्या सत्रात धरले जातात. सारांशांवर भागवणारे पूर्वीही होते. ‘क्लिफ्स नोट्स’ या सारांश-पुस्तिका १९५८ पासून बाजारात आहेत. आता यंत्रच निबंध लिहून देते, त्यामुळे हाताने लिहिलेल्या टिपा आणि वर्गातला निबंध यांचा भाव पुन्हा वधारला आहे.

हे सारे जमते, कारण पुस्तके निवडण्याची मोकळीक शाळेला आहे. मुंबईची सेंट झेवियर्स (१८६९) किंवा पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स (१८६७) याही कॅथलिक शाळा, जेझुइट या धर्मसंघाच्या. पण मंडळाची परीक्षा आली की पुस्तकेही मंडळाची. अमेरिकेत खाजगी शाळेवर असा पाठ्यपुस्तकांचा जाच नाही.

निवडीचा इतिहास मात्र सरळ नाही. ख्रिस्तसभेने १५५९ मध्ये रोमहून निषिद्ध ग्रंथांची सूची काढली आणि १९६६ पर्यंत ती अंमलात ठेवली. काय वाचू नये हे सांगणाऱ्या परंपरेतल्या शाळा आज काय वाचावे याची यादी घरी पाठवतात. इंग्रज लेखक ग्रॅहम ग्रीनची कादंबरी ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०) हे या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण. मेक्सिकोत धर्मगुरूंची धरपकड चालू असताना जीव मुठीत घेऊन हिंडणारा, दारूच्या आहारी गेलेला, एका मुलीचा बाप असलेला धर्मगुरू तिचा नायक. १९५३ मध्ये रोमच्या धर्मपीठाने तिच्यावर ठपका ठेवला. सूचीत मात्र ती गेली नाही. पुढे पोप सहावे पॉल ग्रीनला भेटले, तेव्हा आपण ती वाचल्याचे त्यांनी सांगितले आणि काही कॅथलिकांना तुमचे लेखन खटकणारच, तिकडे लक्ष देऊ नका, असेही सुचवले. आज हीच कादंबरी कॅथलिक शाळांतल्या वरच्या इयत्तांना लावली जाते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याची कॅथलिक लेखिका फ्लॅनरी ओकॉनर हिच्या कथांचेही तसेच. त्यांतली हिंसा पाहून पालक बिचकतात, शिक्षक त्यांतच ईश्वरी कृपेची चाहूल दाखवतात. संतचरित्रांपेक्षा ही पुस्तके सोळा वर्षांच्या मुलाला जास्त पटतात, आणि पटावीतच.

धर्मशिक्षणाच्या वाट्याला कधी बायबलातले अख्खे मार्ककृत शुभवर्तमान येते; सोळाच अध्याय, एका बैठकीत संपते. कधी लेखक सी. एस. लुईस, जो स्वतः कॅथलिक नव्हे, अँग्लिकन होता. जेझुइट शाळांत फादर ग्रेगरी बॉइल यांचे ‘टॅटूज ऑन द हार्ट’ (२०१०) बरेच चालते. लॉस एंजेलिसच्या टोळ्यांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना काम मिळवून देताना आलेले अनुभव त्यात आहेत. असे पुस्तक काही ठिकाणी साऱ्या शाळेला एकच असते, शिक्षकांनाही. वर्गात कॅथलिक नसलेली मुलेही असतात, भारतीय घरांतलीही. त्यांना या विभागातून सहसा सुटका नसते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या उन्हाळ्यात साहित्यवाचनावर एक पत्र काढले. सुटीतल्या कंटाळ्यात एखादे चांगले पुस्तक हाती लागणे किती मोलाचे, हे त्यात सुरुवातीलाच येते. १९६४-६५ मध्ये ते अर्जेंटिनात सांता फे इथल्या जेझुइट शाळेत साहित्य शिकवत. अभ्यासाला ‘एल सिद’ हे मध्ययुगीन महाकाव्य होते, मुलांना हवा होता विसाव्या शतकातला स्पॅनिश कवी गार्सिया लोर्का. त्यांनी तोड काढली : ‘एल सिद’ घरी वाचा, वर्गात तुमच्या आवडीच्या लेखकांवर बोलू.

उन्हाळी याद्यांनी यातला पहिला अर्धा उचलला, दुसरा सोडला. अवघड पुस्तक घरी धाडले, पण शिक्षक जवळ नसताना ते वाचणाऱ्याच्या वाट्याला वर्गात आली ती चाचणी. ज्याच्या घरी पुस्तकावर बोलणारे कोणी आहे तो तरतो. सुटीभर दुकानात नोकरी करणारा मुलगा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पाने उलटत बसतो. या तक्रारींमुळे काही शाळांनी यादी एका पुस्तकावर आणली, काहींनी निवड मुलांवर सोडली आणि चाचणीऐवजी पहिले तास चर्चेला ठेवले.