सूक्ष्मलहरी संश्लेषण

सूक्ष्मलहरींच्या ऊर्जेने कार्बनी संयुगे तयार करण्याची पद्धत. प्रयोगशाळेत तिला सरसकट ‘मायक्रोवेव्ह’ एवढेच म्हणतात. तिथले उपकरण आणि स्वयंपाकघरातला ओव्हन दोन्ही २.४५ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेवर चालतात.

गोव्यात हुर्राक (काजूची दारू) काढताना भाणाखाली, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या मोठ्या भांड्याखाली, लाकडे पेटवतात. आच आधी भाणाला लागते, मग आतल्या आंबवलेल्या काजूरसाला. महाविद्यालयातला रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून चंबूत परत आणत मिश्रण उकळत ठेवणे, वेगळा नाही: हीटिंग मँटल (विजेची शेगडी), गोल चंबू, वर पाण्याचा कंडेन्सर आणि तासन्‌तास वाट पाहणे. सूक्ष्मलहरी मात्र काच ओलांडून थेट मिश्रणात शिरतात. पाणी, इथेनॉल यांसारखे ध्रुवीय (एका टोकाला किंचित धन, दुसऱ्याला किंचित ऋण प्रभार असलेले) रेणू बदलत्या विद्युत्‌क्षेत्राबरोबर फिरू पाहतात, मागे पडतात आणि त्या ओढाताणीतून उष्णता निर्माण होते. आयन असतील तर तेही हातभार लावतात. हेक्झेनसारखा अध्रुवीय द्रव मात्र जवळपास थंडच राहतो.

या पद्धतीने विक्रिया खूप लवकर होतात, पण त्या वेगामागे जादू नाही. तापमान १० अंशांनी वाढले की विक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. इथेनॉल उघड्या चंबूत ७८ अंशांना उकळते. बंद नळीत तेच १६० अंशांपर्यंत नेता येते. म्हणजे आठ वेळा दुप्पट, २५६ पट. आठ तासांचे काम दोन मिनिटांत. १९८६ साली कॅनडात गेडाय व सहकाऱ्यांनी घरगुती ओव्हनमध्ये अशा विक्रिया करून दाखवल्या. बेंझामाइडपासून बेंझोइक अम्ल करायला तासाऐवजी दहा मिनिटे पुरली. सूक्ष्मलहरींचा उष्णतेपलीकडे काही ‘खास’ परिणाम असतो, हा दावा बराच काळ चालला. लहरी अडवणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडच्या नळ्यांतही बहुतेक विक्रियांचे निकाल तेच आले, तेव्हा तो ढिला पडला.

‘हरित’ (पर्यावरणस्नेही) हे विशेषण मात्र जपून वापरावे. लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन घेतलेल्या विजेपैकी बराच भाग वाया घालवतो. वेळ वाचला म्हणजे वीज वाचलीच असे नाही. खरा फायदा विद्रावकात (पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवात) आहे. अभिकारके (विक्रियेत भाग घेणारे पदार्थ) माती, ॲल्युमिना किंवा सिलिकावर शोषून कोरडीच तापवता येतात, नाहीतर टोल्यूइनसारख्या विद्रावकाऐवजी पाणी वापरता येते. पण शेवटी संयुग वेगळे करायला शुद्धीकरणाच्या स्तंभातून लिटरभर हेक्झेन ओतले, तर सगळी कमाई सिंकमध्ये जाते. शोधनिबंधात हा हिशेब अनेकदा गाळलेला असतो.

घरगुती ओव्हनमध्ये ज्वलनशील विद्रावक तापवू नये: आत तापमापी नाही, उष्णता असमान, आणि ठिणगी पडली की दार उडते.

ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात काही मिलिलिटरच्या नळीत जमणारी विक्रिया वेर्ण्याच्या औषध कारखान्यातल्या हजारो लिटरच्या रिॲक्टरमध्ये तशीच उचलून नेता येत नाही. लहरी पाण्यासारख्या द्रवात काही सेंटिमीटरच शिरतात. पुढचा द्रव नेहमीच्याच वाटेने, शेजाऱ्याकडून तापतो. म्हणून मोठ्या पात्राऐवजी बारीक नळीतून मिश्रण सतत वाहते ठेवून ते लहरींसमोरून नेण्याची पद्धत वापरतात.