रस्त्याच्या कामापूर्वीची पुरातत्त्वीय परवानगी : पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

पुणे जिल्ह्यात रस्त्याची आखणी करताना पहिला प्रश्न अंतराचा असतो. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, शनिवारवाडा, पाताळेश्वर, कार्ले, भाजे यांसारख्या केंद्र संरक्षित स्थळांभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधकाम करता येणारे, क्षेत्र ठरते. हे अंतर वास्तूच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित हद्दीपासून मोजायचे असते, आणि नेमकी येथेच गफलत होते. गटार व सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामे ‘बांधकामा’च्या व्याख्येतून वगळलेली आहेत, रस्त्याला मात्र तशी सूट नाही.

प्रतिबंधित क्षेत्रात केवळ दुरुस्ती व नूतनीकरणाचा अर्ज घेतला जातो. विनियमित क्षेत्रातील नव्या कामासाठी महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जी यंत्रणा काम करणार असेल तिने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या परवानग्यांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा. सोबत जागेच्या मालकीचा कागद, स्मारकापासूनचे अंतर दाखवणारा नकाशा, आखणीचे व खोदाईच्या खोलीचे आराखडे आणि जागेची छायाचित्रे ठेवावीत. सक्षम प्राधिकारी १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरण दोन महिन्यांत शिफारस कळवते आणि त्यानंतर महिनाभरात परवानगीचा निर्णय होतो. म्हणजे निविदेच्या वेळापत्रकात किमान चार महिने राखून ठेवणे शहाणपणाचे. विनापरवाना कामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

खरी अडचण संरक्षित यादीबाहेरच्या जमिनीत असते, कारण तेथे मीटरचा हिशेब लागू पडत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचे इनामगाव हे ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची व दगडाची हत्यारे वापरण्याच्या काळातले, गाव डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन करून उजेडात आणले, त्याआधी ती नुसती टेकाडे होती. अशा जागेला गावात ‘पांढर’ म्हणतात. काळ्या रानात मधेच राखट माती आणि पायाखाली खापरांचे तुकडे दिसले की जाणत्याला ती ओळखू येते. घर सारवायला ती माती पिढ्यान्‌पिढ्या उकरून नेली गेली, म्हणून उंचवटा उरलेलाच असेल असे नाही. सातबाऱ्यावरील शेताचे स्थानिक नाव आणि दोन म्हाताऱ्या माणसांची विचारपूस, एवढे तरी आखणी पक्की करण्यापूर्वी करावे.

पद्धतशीर सर्वेक्षण वा उत्खनन मात्र ठेकेदाराला करता येत नाही. विद्यापीठे, मान्यताप्राप्त संशोधन संस्था आणि राज्याचे पुरातत्त्व खाते यांनीच, पाहणीचे क्षेत्र, नकाशा, कालावधी आणि जबाबदार पुरातत्त्वज्ञाचे नाव नमूद करून, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे प्रस्ताव पाठवायचा असतो. पावसाळ्यानंतर गवत वाळल्यावर जमीन दिसते, तेव्हा प्रस्ताव त्याआधीच गेलेला असावा.

काम चालू असताना जमिनीतून नाणी, मूर्ती किंवा दागिने निघाल्यास १८७८ चा निखात निधी कायदा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला गुप्तधनाचा कायदा, लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास शोधणाऱ्याने तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख नमूद करून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ती नोटीस मजुराच्या नावाने जाते की मुकादमाच्या, हे खोदाई सुरू होण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. कायदा सापडवणाऱ्याला ओळखतो.