लागवडीतील झाडांची संख्या
दिलेल्या जागेत किती झाडे बसतील याचा हिशेब. दोन ओळींतील व दोन झाडांतील अंतरांचा गुणाकार करून त्याने क्षेत्रफळास भागतात. आंब्याच्या पारंपरिक १० × १० मी. लागवडीत हेक्टरी १००, ५ × ५ मी. सघन लागवडीत ४०० कलमे आणि १.५ × १.५ मी. अंतरावर केळीची सु. ४,४४४ रोपे बसतात.

अंतराचे स्पष्ट आकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (इ. स. सहावे शतक) वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात आढळतात : २० हात उत्तम, १६ मध्यम, १२ किमान. परस्परांना भिडलेली व मुळे गुंतलेली झाडे नीट फळत नाहीत, असे कारणही तेथे दिले आहे. हेच आकडे अग्निपुराणात येतात. त्या पुराणाच्या काळाविषयी मतभेद आहेत. त्याचे उपलब्ध रूप बृहत्संहितेनंतरचे मानणे अधिक सयुक्तिक दिसते, मात्र दोहोंमागे एखादा जुना ग्रंथ असणे अशक्य नाही. हात सु. ४५ सेंमी. धरल्यास २० हात म्हणजे ९ मी. होतात, म्हणजे आंब्याच्या प्रचलित अंतराच्या बरेच जवळ. हाताचे माप सर्वत्र सारखे नसल्याने हे रूपांतर ढोबळच समजावे.

षट्कोन पद्धतीत झाडांतील अंतर तेवढेच ठेवून ओळी त्याच्या ०.८६६ पट अंतरावर आखतात व एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवतात. त्यामुळे चौरस पद्धतीपेक्षा सु. १५ टक्के झाडे जास्त बसतात, असे सर्वत्र सांगितले जाते. मोठ्या क्षेत्रास हे लागू आहे, लहान जागेस नाही. ३३ फूट बाजूच्या चौरस गुंठ्यात ११ फूट अंतराने, बांधापासून साडेपाच फूट सोडून खुंट्या मारल्या, तर चौरस आखणीत तीन ओळींत ९ झाडे बसतात. भागाकाराचे उत्तरही तेच. षट्कोन आखणीत ओळी तीनच राहतात, पण मधल्या ओळीत दोनच खुंट्या मावतात व एकूण ८ झाडे होतात. उलट, थेट बांधावर खुंट्या मारल्यास चौरस आखणीतच १६ झाडे भरतात. परंतु निम्म्याहून अधिक झाडांचा विस्तार शेजारच्या जमिनीत जातो. परसबागेचा हिशेब म्हणूनच कागदावर खुंट्या मांडून करणे इष्ट.

चौकाच्या मध्यभागी पाचवे झाड लावल्यास मोठ्या बागेतील संख्या जवळपास दुप्पट होते. तेथे बहुधा पपईसारखे अल्पायुषी झाड लावून मुख्य झाडे पसरू लागताच ते काढतात.