कुशल मनुष्यबळ : भरती आणि गळती

ज्याच्या जागी दुसरा माणूस आठवडाभरात शिकवून उभा करता येत नाही, तो कुशल कर्मचारी. मग तो वेल्डर असो, अतिदक्षता विभागातील परिचारिका असो किंवा प्रोग्रॅमर. अशी माणसे शोधणे, पारखणे, रुजू करून घेणे आणि ती टिकतील अशी परिस्थिती राखणे हा मनुष्यबळ व्यवस्थापनाचा गाभा आहे. बहुतेक संस्थांत भरती आणि टिकवणूक ही दोन वेगळी कामे मानली जातात. भरतीला उद्दिष्ट असते, बजेट असते, महिन्याचा अहवाल असतो. टिकवणुकीची आठवण राजीनामा हातात पडल्यावर होते. प्रत्यक्षात हा एकच व्यवहार आहे. माणूस का सोडून गेला याचे उत्तर पुष्कळदा त्याला घेताना काय सांगितले होते यात सापडते.

सोडून जाणाऱ्यांच्या प्रमाणाला ‘गळती’ म्हणतात. वर्षभरात गेलेल्यांची संख्या भागिले सरासरी कर्मचारीसंख्या, गुणिले 100, असे हे साधे गणित आहे. सरासरी 200 माणसांच्या संस्थेतून 30 जण गेले तर गळती 15 टक्के. मात्र हे 30 जण पहिल्या तीन महिन्यांत कंटाळून गेलेले शिकाऊ होते, की जुनी यंत्रणा पूर्ण समजणारे दोघे त्यांत होते, हे त्या आकड्याला कळत नाही. टक्का तोच, दुखणे निराळे. म्हणून स्वेच्छेने गेलेले आणि काढून टाकलेले असे वेगळे मोजतातच, शिवाय ‘गेला तर हळहळ वाटेल’ अशांची गळती स्वतंत्र पाहण्याची पद्धतही आहे. या एका आकड्यावर लक्ष ठेवले तरी बरेच काही कळते.

इतिहास

कामाचा बाजार उलटला की मालकवर्ग आधी कायद्याकडे धावतो, हे जुनेच आहे. 1348 मध्ये प्लेग इंग्लंडला पोहोचला आणि दीड-दोन वर्षांत लोकसंख्येचा एक तृतीयांश ते निम्मा भाग नाहीसा झाला. हात कमी झाले, मजुरी चढली. 1349 च्या अध्यादेशाने आणि 1351 च्या कायद्याने प्लेगपूर्वीच्या दरानेच काम करण्याची सक्ती केली. पण कायदा मोडणाऱ्यांत मजुरांबरोबर मालकही होते. पीक कापणीला आले की शेजाऱ्यापेक्षा दोन पैसे जास्त देऊन माणूस ओढण्याचा मोह कोणालाच आवरत नसे.

पैशाने गळती थांबते का, या प्रश्नावर फोर्ड कारखान्याचे उदाहरण हमखास दिले जाते. सरकत्या जोडणी-साखळीने कामातले कसब काढून घेतले आणि उरला तो कंटाळा. 1913 मध्ये तिथली गळती 370 टक्क्यांवर गेली. म्हणजे एकेका जागेवर वर्षात सरासरी जवळजवळ चार माणसे आली आणि गेली. जानेवारी 1914 मध्ये हेन्री फोर्ड यांनी आठ तासांच्या दिवसाला 5 डॉलर जाहीर केले. तोवर नऊ तासांना साधारण 2.34 डॉलर मिळत. गळती झपाट्याने उतरली आणि 1915 मध्ये 16 टक्क्यांवर आली. हे उदाहरण सांगताना त्याचा दुसरा भाग बहुधा गाळला जातो. त्या 5 डॉलरमधला मोठा हिस्सा नफ्यातील वाटा म्हणून होता, तो सहा महिने टिकलेल्यांना मिळे आणि त्यासाठी कामगाराचे घर, राहणी, दारू-बचतीच्या सवयी तपासायला कंपनीची माणसे दारात येत.

माणसे हेरण्याची नजर आणि ती सांभाळण्याची रीत या दोन गोष्टी एकाच ठिकाणी असतीलच असे नाही. ट्रान्झिस्टरसाठी 1956 च्या भौतिकी नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी विल्यम शॉकली यांनी कॅलिफोर्नियातील आपल्या प्रयोगशाळेत जमवलेला चमू अव्वल होता. रॉबर्ट नॉईस आणि गॉर्डन मूर त्यातलेच. पण शॉकलींचा कोणावर विश्वास नसे. एका कर्मचाऱ्याच्या हाताला काहीतरी टोचले एवढ्यावरून त्यांना घातपाताचा संशय आला आणि खोटे पकडणाऱ्या यंत्रावर लोकांची तपासणी करण्यापर्यंत गोष्ट गेली. 1957 मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. 1968 मध्ये नॉईस व मूर तिथूनही निघाले आणि त्यांनी इंटेल स्थापन केली.

निवड

मुलाखतीची रूढ पद्धत सर्वांना ठाऊक आहे. बायोडेटा टेबलावर येताना वाचला जातो, ‘स्वतःबद्दल सांगा’ने सुरुवात होते, कॉलेज किंवा आधीची कंपनी समान निघाली की गप्पा रंगतात आणि ‘माणूस बरा वाटला’ या शेऱ्यावर निर्णय होतो. बरा वाटणे आणि काम येणे यांचा संबंध तोकडाच असतो. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण, आणि आपसात चर्चा करण्यापूर्वी प्रत्येकाने ते लिहून ठेवायचे, अशी आखीव मुलाखत जास्त भरवशाची ठरते. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा काढला, त्यात शिक्षणाची वर्षे मोजणे हा फार दुबळा निकष निघाला. 2022 मध्ये पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी ते हिशेब नव्याने मांडले, तेव्हा बरेच आकडे खाली आले, पण आखीव मुलाखत पहिल्या क्रमांकावर आली. ती तरीही कमी वापरली जाते, कारण मुलाखत घेणाऱ्याला तिच्यात मजा येत नाही. आपण माणूस ओळखतो या समजुतीला ती वाव देत नाही.

दुसरा चांगला मार्ग म्हणजे कामाचा नमुना मागणे. यंत्रदुरुस्तीच्या जागेसाठी मुद्दाम बिघडवलेला पंप समोर ठेवावा, प्रोग्रॅमरला चुका असलेला कोड द्यावा, आणि तो आधी कुठे हात घालतो ते बघावे. नमुन्याच्या नावाखाली चार दिवसांचे काम फुकट करून घेण्याची चाल मात्र बाजारात लगेच बोभाटा होऊन अंगाशी येते.

पदवीची अट काढून थेट कौशल्यावर भरती करण्याची घोषणा अलीकडे अनेकांनी केली. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने 2022 मध्ये हजारो सरकारी जागांसाठी ती अट काढली. जाहिरातीतली ओळ पुसणे सोपे असते. छाननी करणाऱ्याचा हात पदवीवाल्या अर्जाकडे जायचा थांबणे अवघड. ही छाननी यंत्राकडे सोपवली तर ते जुन्याच निवडीवरून शिकते. अ‍ॅमेझॉनने अर्ज पारखण्यासाठी बनवलेली प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखत असल्याने सोडून द्यावी लागली, हे 2018 मध्ये बाहेर आले. युरोपीय संघाच्या 2024 च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात भरतीची साधने ‘अधिक जोखमीच्या’ गटात आहेत.

तयार हिरा बाहेरून आणण्याचा सोस महागात पडतो, असे दोन अभ्यास दाखवतात. बोरिस ग्रॉइसबर्ग यांनी 1,052 नामांकित शेअर-विश्लेषकांचा माग काढला. कंपनी बदलल्यावर त्यांपैकी अनेकांची कामगिरी घसरली. जे आपला चमू घेऊन गेले त्यांची कमी घसरली. मॅथ्यू बिडवेल यांनी 2011 मध्ये एका गुंतवणूक बँकेच्या नोंदींवरून दाखवले, की बाहेरून आलेल्याला त्याच पदावर आतून बढती मिळालेल्यापेक्षा सुमारे 18 ते 20 टक्के जास्त पगार मिळतो, पहिली दोन वर्षे त्याचे काम उणे राहते आणि त्याचे सोडून जाण्याचे प्रमाणही अधिक असते. नव्याला काम शिकवणाऱ्या जुन्या सहकाऱ्याच्या कानावर हा फरक पडतोच. कधी चहाच्या वेळी, कधी प्रिंटरवर विसरलेल्या कागदावरून. त्यानंतर त्या विभागातून येणारा राजीनामा ‘वैयक्तिक कारणास्तव’ असतो.

टिकवणूक

माणूस नोकरी का सोडतो, हा प्रश्न जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनी 1958 मध्ये दोन भागांत फोडला: जावेसे वाटते का, आणि जाणे सोपे आहे का. बदलता बाजार मुख्यतः दुसरी बाजू हलवतो. नोव्हेंबर 2021 या एका महिन्यात अमेरिकेत सुमारे 45 लाख लोकांनी नोकऱ्या सोडल्या, आणि 2024 पर्यंत नोकरी सोडण्याचा दर महामारीपूर्वीच्याही खाली आला. मंदीत कोणी हलत नाही, याचा अर्थ सगळे खूश आहेत असा लावणाऱ्या संस्थांना बाजार सुधारताच एका तिमाहीत धक्का बसतो.

टॉमस ली आणि टेरेन्स मिचेल यांनी 1994 मध्ये मांडले, की पुष्कळ राजीनामे हळूहळू साचलेल्या नाराजीतून येत नाहीत. एखादी ठिणगी पडते. वर्गमित्राचा पगार कळतो, चांगला साहेब जातो, कबूल केलेली बढती पुढे ढकलली जाते. पुढे 2001 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह उलट प्रश्न विचारला: लोक का राहतात? उत्तर तीन पदरी होते. माणसांशी जुळलेले धागे, कामाशी आणि गावाशी बसलेला मेळ, आणि सोडताना हातचे काय जाईल याचा हिशेब.

रुजण्याचा काळ यात निर्णायक असतो. पहिल्या दिवशी लॅपटॉप आलेला नाही, पासवर्ड मिळालेला नाही, साहेब रजेवर, आणि नवा माणूस तीन दिवस नियमपुस्तिका चाळत बसलेला, हे दृश्य मोठमोठ्या कार्यालयांतही दिसते. त्याने नाकारलेल्या दुसऱ्या ऑफरचा फोननंबर तेव्हा त्याच्याजवळच असतो. उलट कामाची खडतर बाजू आधीच सांगितली तर उमेदवार पळतील ही भीती फारशी खरी ठरत नाही. जॉन वेनस यांनी 1973 च्या प्रयोगात टेलिफोन ऑपरेटरांना कामाचे खरे चित्र दाखवणारी फिल्म दाखवली, तेव्हा नोकरी नाकारणारे वाढले नाहीत आणि टिकणारे थोडे वाढले. परिणाम लहान असतो, पण खर्चही जवळजवळ काही नसतो.

कामाच्या जागेबाबत सर्वांत नेटका पुरावा ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास-कंपनीच्या 1,612 कर्मचाऱ्यांवरील प्रयोगातून आला. निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी तो 2024 मध्ये प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिलेल्या गटात राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत फरक पडला नाही. फायदा झाला तो विशेषतः स्त्रियांना, लांबून येणाऱ्यांना आणि ज्यांच्या हाताखाली कोणी नाही अशांना.

बांधून ठेवण्याचे मार्गही आहेत. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांच्या 1964 च्या विवेचनानुसार कुठेही चालणारे कौशल्य शिकवण्याचा खर्च मालक सहसा करणार नाही, कारण शिकलेला माणूस दुसरीकडे जाईल. त्यावर तोड म्हणून प्रशिक्षणाचा बाँड आणि प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याचे कलम आले. कॅलिफोर्नियात प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याचे कलम 1872 पासून कायद्याने रद्दबातल आहे, आणि तंत्रज्ञान-उद्योग बहरला तोही तिथेच. तिथल्याच काही बड्या कंपन्यांनी एकमेकांची माणसे न फोडण्याचा आपसात समझोता केला होता. अमेरिकी न्याय विभागाने 2010 मध्ये त्यावर खटला भरला, आणि कर्मचाऱ्यांच्या दाव्यात अ‍ॅपल, गूगल, इंटेल व अ‍ॅडोबी यांना 2015 मध्ये 41.5 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

राजीनाम्यानंतर पगार वाढवून रोखण्याला ‘काउंटर ऑफर’ म्हणतात. ती स्वीकारणाऱ्याला एक गोष्ट नेमकी कळते: पैसे कालही होते. निघतानाची ‘एक्झिट’ मुलाखतही अशीच उशिरा येते. अनुभवाचा दाखला आणि अखेरचा हिशेब ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी वाकडे घेण्यात जाणाऱ्याला काहीच लाभ नसतो, म्हणून अर्जातल्या कारणाच्या रकान्यात ‘चांगली संधी’ एवढेच लिहिलेले आढळते. काही संस्था आता तेच प्रश्न रुजू झाल्यापासून तीन महिन्यांनी विचारतात, आणि विचारणारा त्या कर्मचाऱ्याचा थेट साहेब नसेल याची काळजी घेतात.