राणीची मुद्रा आणि विदूषक: टपाल तिकिटांवरच्या हसवणाऱ्यांची पार्श्वभूमी

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकातली मालविका ही विदर्भाची राजकन्या. शेवटी विदर्भाचे दोन वाटे होतात आणि मधली हद्द ठरते वरदा, म्हणजे आपली वर्धा नदी. पण या नाटकातली खरी करामत राजाची नाही, ती गौतम नावाच्या विदूषकाची. मालविकेला राणीने तळघरात कोंडलेलं असतं आणि राणीची नागमुद्रेची अंगठी दाखवल्याशिवाय तिची सुटका नसते. गौतम बोटाला केतकीचे काटे टोचून घेतो आणि साप चावल्याचं सोंग करतो. उताऱ्याला नागाची खूण असलेली वस्तू लागते म्हणून राणीच आपली अंगठी काढून देते. ती दाखवून गौतम मालविकेला सोडवतो.

टपाल तिकिटांचा इतिहास वाचताना मला हा गौतम नेहमी आठवतो, कारण तिकीट ही मुळात मुद्राच आहे. १ मे १८४० रोजी इंग्लंडमध्ये पहिलं तिकीट निघालं तेव्हा त्यावर व्हिक्टोरिया राणीचा चेहरा होता. आपल्याकडे १८५२च्या ‘सिंध डाक’ या तिकिटावर ईस्ट इंडिया कंपनीची खूण होती आणि १८५४पासून पुन्हा राणीच. ज्याच्या नावाने राज्य चालतं त्याचीच ती जागा. तिथे हसवणाऱ्याला बसवायला शतकाहून जास्त काळ गेला यात नवल नाही.

त्याला वाट मिळाली ती सर्कशीतून, बाहुल्यांच्या खेळातून आणि पुढे सिनेमातून. अमेरिकेने १९६६मध्ये सर्कशीवर पाच सेंटचं तिकीट काढलं. ते विस्कॉन्सिनमधल्या डेलावन या गावी प्रकाशित झालं, कारण एकोणिसाव्या शतकात सर्कशींचे तांडे हिवाळ्यात तिथे मुक्कामाला असत. तिकिटावरचा रंगवलेला चेहरा लू जेकब्स या विदूषकाचा. हयात माणसाला तिकिटावर घ्यायचं नाही असा तिथला रिवाज होता आणि जेकब्स तर तेव्हा हयात होता. रंगाआडून तो तिकिटावर पोचला. मला हे फार आवडतं. गौतमाने अंगठी मिळवली त्याच जातीची ही गोष्ट आहे.

पश्चिम जर्मनीने १९७७मध्ये टिल ऑयलेनश्पीगलला जागा दिली. सांगितलेलं काम शब्दशः करून मालकालाच खड्ड्यात पाडणारा हा जुन्या लोककथांतला खोडकर. इंग्लंडमध्ये २००१ साली पंच आणि ज्युडीच्या बाहुल्या आल्या. पुढच्याच वर्षी युरोपातल्या टपाल खात्यांनी सामायिक विषयच ‘सर्कस’ ठेवला, त्यामुळे विदूषकांची रांग लागली.

भारताने चार्ली चॅप्लिनसाठी उशीर केला नाही. २५ डिसेंबर १९७७ला तो गेला आणि १६ एप्रिल १९७८ला, त्याच्या जन्मदिवशी, २५ पैशांचं तिकीट निघालं. २००१मध्ये पंचतंत्रातल्या गोष्टी आल्या. सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा ससा, मगरीला चकवणारं माकड. अक्कलहुशारीने जिंकणारे हे आपले सगळ्यांत जुने मानकरी. ३ मे २०१३ रोजी सिनेमाच्या शताब्दीनिमित्त ५० तिकिटं निघाली, त्यांत मेहमूद होते आणि तमिळ पडद्यावरचे नागेशही.

आता विदर्भाकडे. कालिदासावर १९६०मध्ये दोन तिकिटं निघाली. एकावर मेघदूत, ज्याचा रामगिरी आपण रामटेकला मानतो, आणि दुसऱ्यावर पत्र लिहिणारी शकुंतला. हा प्रसंग ‘शाकुंतल’च्या तिसऱ्या अंकातला. दुष्यंताने माढव्य विदूषकाला दुसऱ्या अंकाच्या शेवटीच राजधानीला पाठवून दिलेलं असतं, म्हणून चित्रात त्याला जागाच नव्हती. १९९८मध्ये गाडगेबाबा तिकिटावर आले. शेंडगावात जन्मलेल्या बाबांना विदूषक कोण म्हणेल? पण चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा, आणि कीर्तनात वऱ्हाडीतून प्रश्न विचारत लोकांना आधी हसवायचं, मग हुंड्यावर, कर्जावर, दारूवर बोलायचं, ही रीत त्याच परंपरेला जवळची आहे, असं मी मनापासून मानतो.

खरी उणीव पुढे आहे. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. रात्री दंडार असते, खडी गंमत असते, ही इकडची लोकनाट्यं. शाहीर गातो, पुरुषच लुगडं नेसून नाच्या होतो, ढोलकी बोलते आणि सोंगाड्या मधेच घुसून पाटलापासून सावकारापर्यंत सगळ्यांची फिरकी घेतो. समोर बसलेला पाटीलही हसतो. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांत तर विनोदी नटावर अख्खा प्रयोग उभा राहतो. सुगीत दारी येणारा बहुरूपी कधी पोलीस होऊन दरडावतो, कधी दुसरंच काही होऊन येतो, आणि त्याचं सोंग कळत असूनही माणसं त्याला पसाभर धान्य घालतात.

२०२३मध्ये गडचिरोलीचे झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टीचं नाव दिल्लीत घेतलं गेलं. हयात व्यक्तीवर आपल्याकडेही सहसा तिकीट काढत नाहीत, पण कलेवर काढायला तशी अडचण नाही. नव्या तिकिटासाठी टपाल खात्याकडे प्रस्ताव कोणालाही पाठवता येतो. प्रस्तावासोबत मी चित्र जोडेन ते मंडईतल्या रात्रीचं. मधे उघडी जागा, भोवती घोंगडी पांघरून बसलेलं गाव, शाहिराच्या हातात डफ, आणि त्याच्या पुढ्यात फेटा उलटा बांधून उभा असलेला सोंगाड्या.